कॅचरच्या जागी कोण?

बेसबॉलमधल्या आजवरच्या सर्वोत्तम फलंदाजांचा संघ निवडायला बसलं की कॅचरच्या, म्हणजे फलंदाजामागे बसून चेंडू झेलणाऱ्याच्या, जागेवर पूर्वी फारशी भांडणं होत नसत. जॉनी बेंच किंवा योगी बेरा, विषय संपला. १९९९ मध्ये प्रेक्षकांच्या मतांवर शतकाचा संघ निवडला गेला, त्यातही कॅचर म्हणून हेच दोघे होते. मे २०२४ मध्ये मेजर लीगने, म्हणजे अमेरिकेतल्या सर्वोच्च स्पर्धेने, नीग्रो लीगच्या, म्हणजे काळ्या खेळाडूंच्या वेगळ्या स्पर्धांच्या, नोंदी आपल्या अधिकृत आकडेवारीत घेतल्या आणि जॉश गिब्सन हा कॅचर ०.३७२ च्या सरासरीने थेट कारकिर्दीतल्या सरासरीच्या यादीच्या माथ्यावर जाऊन बसला. टाय कॉबची ०.३६७ दुसऱ्या क्रमांकावर गेली. गिब्सनला जाऊन तेव्हा ७७ वर्षं झाली होती.

बेसबॉलची सरासरी क्रिकेटसारखी नसते. अधिकृत प्रयत्नांपैकी किती वेळा हिट मिळाली, म्हणजे चेंडू टोलवून फलंदाजाने सुखरूप बेस (धावताना गाठायचा टप्पा) गाठला, एवढंच ती सांगते. गंमत म्हणजे ती रुजवली क्रिकेटच्याच माणसाने. हेन्री चॅडविक हा इंग्लंडमध्ये जन्मलेला आणि न्यूयॉर्कमध्ये क्रिकेटच्या बातम्या देणारा पत्रकार. चार वाईट चेंडू सोडून फलंदाज फुकट पहिल्या बेसवर गेला, तर ती पिचरची, म्हणजे चेंडू फेकणाऱ्याची, चूक. त्यात फलंदाजाचं कसलं कर्तृत्व, असा त्याचा विचार. १८८७ चा एक हंगाम सोडला तर अशा ‘वॉक’ला हिटचा दर्जा कधीच मिळाला नाही. टेड विल्यम्सला कारकिर्दीत २,०२१ वॉक मिळाले आणि सरासरीत त्यांची किंमत शून्य. बेसवर पोहोचण्याचं प्रमाण मोजलं, तर ०.४८२ सह तो सगळ्यांच्या पुढे आहे. पण हे प्रमाण अधिकृत आकडा व्हायला १९८४ उजाडावं लागलं.

सरासरी किती फसवते ते तिसऱ्या बेसवर बघा. १९९९ च्या संघात तिथे माइक श्मिट आणि ब्रूक्स रॉबिन्सन. दोघांचीही कारकिर्दीतली सरासरी ०.२६७. श्मिटचे होम रन (क्रिकेटच्या षटकारासारखे फटके) ५४८, रॉबिन्सनचे २६८. रॉबिन्सन संघात आला तो त्याच्या क्षेत्ररक्षणामुळे. फक्त फलंदाजीच बघायची असेल, तर इथे वाद घालण्यासारखं काही उरत नाही.

प्रेक्षकांच्या मतदानाची आणखी एक खोड म्हणजे जे डोळ्यांनी पाहिलं तेच थोर वाटतं. लू गेहरिगला सर्वाधिक मतं पडली हे खरं. पण आठ वेळा सरासरीत लीगमध्ये पहिला आलेला, १९१७ मध्ये निवृत्त झालेला शॉर्टस्टॉप (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधला क्षेत्ररक्षक) होनस वॅग्नर मतांत मागे राहिला. शेवटी तज्ज्ञांच्या समितीने पाच नावं वाढवली, त्यात त्याला घेतलं. त्याच जागेवरच्या अर्नी बँक्सचं निराळंच. तो शॉर्टस्टॉपपेक्षा पहिल्या बेसवर जास्त सामने खेळला. मग त्याचे ५१२ होम रन कोणत्या जागेच्या खात्यात धरायचे? शॉर्टस्टॉप आणि कॅचर या जागांवर आधी हात आणि चपळाई बघतात, त्यामुळे तिथे दणकेबाज फलंदाज दुर्मिळ. म्हणून तर जागेचा एवढा आग्रह.

आणि म्हणूनच गिब्सन महत्त्वाचा. तो काळा होता, म्हणून मेजर लीगचा दरवाजा त्याला बंद राहिला. जानेवारी १९४७ मध्ये, वयाच्या ३५ व्या वर्षी तो गेला. तीनच महिन्यांनी जॅकी रॉबिन्सन हा काळा खेळाडू मेजर लीगच्या मैदानात उतरला आणि ती बंदी मोडली. १९६९ मध्ये एका समितीने कोणत्या जुन्या लीगना ‘मेजर’ म्हणायचं ते ठरवलं, तेव्हा १८८४ आणि १८९० मध्ये जेमतेम एकेक हंगाम टिकलेल्या लीगही यादीत बसल्या. नीग्रो लीग मात्र बसल्या नाहीत. ती चूक मान्य व्हायला डिसेंबर २०२० उजाडला.

गिब्सनचे अधिकृत सामने कमी, हा आक्षेप खरा आहे. त्या लीगचे हंगाम छोटे असत आणि पोटासाठी संघ गावोगाव प्रदर्शनी सामने खेळत फिरत. त्यातल्या हिट या हिशेबात येत नाहीत. पण १९४३ मधल्या त्याच्या ०.४६६ ला लहान हंगामाची पळवाट म्हणणाऱ्यांनी तो हंगाम लहान का होता, हेही सांगावं.

माझ्या यादीत कॅचर गिब्सन, पहिल्या बेसवर गेहरिग, दुसऱ्यावर १९२४ मध्ये ०.४२४ काढणारा रॉजर्स हॉर्न्सबी, तिसऱ्यावर श्मिट, शॉर्टस्टॉप वॅग्नर. बाहेरच्या मैदानात उजवीकडे बेब रूथ, मध्ये विली मेज, डावीकडे विल्यम्स. ७६२ होम रनवाला बॅरी बॉण्ड्स उरतो. उत्तेजकांच्या वादामुळे पत्रकारांनी दहाही मतदानांत त्याला हॉल ऑफ फेम या थोर खेळाडूंच्या मानाच्या यादीबाहेर ठेवलं. नुसत्या फलंदाजीसाठीची डीएचची जागा १९७३ पासून आहेच. मी त्याला तिथे बसवतो आणि शिव्या खायला तयार राहतो.