सरकारी रुग्णालयांच्या सॉफ्टवेअर निविदा : पात्रता, कागदपत्रे आणि अर्जाची पद्धत

सरकारी रुग्णालयाच्या सॉफ्टवेअर निविदेत दरावर हरण्याआधीच बऱ्याच कंपन्या पहिल्या लिफाफ्यात, म्हणजे पात्रता आणि तांत्रिक कागदांच्या छाननीत, गळतात. सॉफ्टवेअर चांगलं असतं, दरही बरा असतो, पण एखादं प्रमाणपत्र जुन्या आवृत्तीचं निघतं किंवा सीएच्या दाखल्यावर यूडीआयएन (दाखला ऑनलाइन पडताळण्याचा क्रमांक) नसतो. केंद्राच्या सामान्य वित्तीय नियमांप्रमाणे जाहीर निविदेला साधारणपणे किमान तीन आठवडे मिळतात. एवढ्या दिवसांत अर्ज भरून होतो, पण पात्रता उभी राहत नाही. ती निविदा निघण्याआधीच तयार असावी लागते.

निविदा निघते कुठे

महाराष्ट्रात सार्वजनिक आरोग्य विभाग, वैद्यकीय शिक्षण विभाग, राष्ट्रीय आरोग्य अभियान आणि महापालिकांच्या निविदा प्रामुख्याने महाटेंडर्स पोर्टलवर येतात. राज्याचे मोठे आयटी प्रकल्प महाआयटी या सरकारी कंपनीमार्फतही निघतात, त्यामुळे फक्त आरोग्य विभागाच्या नावाने शोध घेतला तर निम्मं हातातून जातं. एम्स, ईएसआयसीसारख्या केंद्रीय संस्थांसाठी केंद्रीय सार्वजनिक खरेदी पोर्टल आणि जेम (सरकारी ई-बाजारपेठ) ही दोन्ही पाहावी लागतात. सामान्य वित्तीय नियमांतल्या नियम १४९ नुसार जेमवर जे उपलब्ध आहे ते केंद्रीय मंत्रालयांनी तिथूनच घ्यायचं असतं. राज्याच्या खरेदीला मुख्य आधार उद्योग विभागाच्या १ डिसेंबर २०१६ च्या शासन निर्णयाचा. केंद्राचे नियम राज्याला जसेच्या तसे लागू होत नाहीत, हे पुढे सवलतींच्या वेळी महत्त्वाचं ठरतं.

आणखी एक गोष्ट आधीच तपासा. एनआयसीचं ई-हॉस्पिटल आणि सी-डॅकचं ई-सुश्रुत ही सरकारी सॉफ्टवेअर अनेक रुग्णालयांत चालतात. शीर्षकात ‘रुग्णालय व्यवस्थापन प्रणाली’ असूनही कामाची व्याप्ती वाचल्यावर कळतं की हवे आहेत ते संगणक, नेटवर्क आणि ऑपरेटर. अशा निविदेत स्वतःचं उत्पादन घेऊन जाण्यात अर्थ नाही.

आधीपासून तयार लागणारी प्रमाणपत्रं

पहिलं, आयुष्मान भारत डिजिटल मिशनशी (एबीडीएम) जोडणी. २०२१ मध्ये देशभर सुरू झालेल्या या मिशनचे सॉफ्टवेअरसाठी तीन टप्पे आहेत. एम-१ मध्ये रुग्णाचा १४ अंकी आभा क्रमांक (डिजिटल आरोग्य ओळख क्रमांक) तयार करणं व पडताळणं, एम-२ मध्ये रुग्णाच्या संमतीने नोंदी पुरवणं आणि एम-३ मध्ये दुसरीकडच्या नोंदी मागवून दाखवणं. सँडबॉक्समध्ये (मिशनच्या चाचणी प्रणालीत) जोडणी, मग कार्यात्मक चाचणी, मग सुरक्षा तपासणी आणि त्यानंतर प्रत्यक्ष वापराची परवानगी, असा क्रम असतो. ‘एबीडीएम अनुरूप’ एवढंच लिहून भागत नाही. निविदा तिन्ही टप्पे मागत असेल आणि तुमच्याकडे फक्त एम-१ असेल तर तुम्ही अपात्र.

दुसरं, सर्ट-इन या केंद्राच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या यादीतल्या लेखापरीक्षकाकडून सुरक्षा तपासणी. हा कागद नीट वाचा. त्यावर तपासलेला वेब पत्ता, आवृत्ती आणि तारीख असते. चाचणी सर्व्हरचा पत्ता टाकून घेतलेलं प्रमाणपत्र आणि निविदेत दाखवलेला वेगळा पत्ता, ही चूक तांत्रिक समिती लगेच पकडते. मोठा बदल करून नवी आवृत्ती काढली असेल तर तपासणी पुन्हा करावी लागते. पहिल्या फेरीत त्रुटी निघतात, त्या दुरुस्त करून दुसरी फेरी होते. म्हणून हे काम तीन आठवड्यांत उरकेल असं धरू नका.

तिसरं कंपन्यांच्या ध्यानातच येत नाही : तुमचं सॉफ्टवेअर वैद्यकीय उपकरण आहे का? ११ फेब्रुवारी २०२० च्या अधिसूचनेने निदान, देखरेख किंवा उपचारासाठी असलेलं सॉफ्टवेअरही वैद्यकीय उपकरणाच्या व्याख्येत आलं. केसपेपर, बिल आणि औषधसाठा सांभाळणाऱ्या प्रणालीचा उद्देश निदान नाही, तिला हा परवाना लागत नाही. पण एक्स-रे वाचून क्षयाची शंका दाखवणारं किंवा ईसीजीचा अर्थ लावणारं मोड्युल त्यात असेल तर तेवढ्या भागाला वैद्यकीय उपकरण नियम २०१७ लागतात. उपकरणांचे वर्ग जोखमीप्रमाणे अ ते ड असे चढते आहेत. अ आणि ब वर्गाला राज्य परवाना प्राधिकरणाकडून एमडी-५ नमुन्यातला परवाना, क आणि ड वर्गाला केंद्रीय प्राधिकरणाकडून एमडी-९, आयात असेल तर एमडी-१५. अ-ब वर्गाला १ ऑक्टोबर २०२२ पासून आणि क-ड वर्गाला १ ऑक्टोबर २०२३ पासून परवाना सक्तीचा आहे. निविदेत न मागितलेलं असं मोड्युल माहितीपत्रकात मिरवू नका, परवान्याचा प्रश्न तुम्हीच ओढवून घ्याल.

याशिवाय आरोग्य मंत्रालयाची २०१६ ची इलेक्ट्रॉनिक आरोग्य नोंद मानकं येतात : स्नोमेड सीटी (वैद्यकीय संज्ञांसाठी), लॉइंक (प्रयोगशाळा चाचण्यांसाठी), आयसीडी-१० (आजारांच्या वर्गीकरणासाठी), डायकॉम (एक्स-रेसारख्या प्रतिमांसाठी). स्नोमेडचा परवाना भारतात मोफत मिळतो, पुण्याच्या सी-डॅकमधल्या राष्ट्रीय संसाधन केंद्राकडे नोंदणी करावी लागते. आयएसओ २७००१ या माहिती सुरक्षेच्या प्रमाणपत्रात व्याप्तीची ओळ तपासा. तिथे फक्त ‘कार्यालयीन कामकाज’ असेल आणि सॉफ्टवेअर विकास किंवा होस्टिंग नसेल तर गुण कापले जातात.

आर्थिक पात्रता आणि अनुभव

उलाढाल बहुधा गेल्या तीन आर्थिक वर्षांची सरासरी म्हणून मागतात. एकूण उलाढाल की फक्त सॉफ्टवेअरची, हे शब्द बारकाईने पाहा. हार्डवेअर विकणाऱ्या कंपन्या इथेच अडकतात.

अनुभवाचं नेहमीचं सूत्र असं : अंदाजित रकमेच्या ४० टक्क्यांची तीन कामं, किंवा ५० टक्क्यांची दोन, किंवा ८० टक्क्यांचं एक. निविदा २ कोटींची असेल तर ८० लाखांची तीन, १ कोटीची दोन किंवा १ कोटी ६० लाखांचं एक. ‘समान काम’ म्हणजे काय, याची व्याख्या त्याच निविदेत असते. कुठे खाटांची संख्या लागते, कुठे सरकारी रुग्णालयच लागतं. पुरावा म्हणून कार्यारंभ आदेश आणि काम पूर्ण झाल्याचा दाखला अशी जोडी लावा. नुसता कार्यारंभ आदेश म्हणजे काम मिळाल्याचा पुरावा, केल्याचा नव्हे. खासगी रुग्णालयाचं काम असेल तर टीडीएसचा फॉर्म १६-अ सोबत जोडणं शहाणपणाचं.

लहान कंपन्यांना केंद्रीय निविदांत सवलती आहेत. सूक्ष्म व लघु उद्योग आणि मान्यताप्राप्त स्टार्टअप यांना बयाणा रक्कम (निविदेसोबत भरायची अनामत) माफ असते. स्टार्टअपना पूर्वानुभव आणि उलाढालीच्या अटी शिथिल करता येतात, पण गुणवत्तेची अट कायम राहते. लघुत्तम दरापेक्षा १५ टक्क्यांपर्यंत वर असलेल्या सूक्ष्म-लघु उद्योगाला तो दर मान्य करून काम घेण्याची संधी मिळते. १ एप्रिल २०२५ पासून लघु उद्योगाची मर्यादा १०० कोटी उलाढाल आणि २५ कोटी गुंतवणूक अशी आहे. मध्यम उद्योगाला हे लाभ नाहीत, आणि उद्यम नोंदणीत काम ‘व्यापार’ म्हणून असेल तर खरेदीतलं प्राधान्यही नाही. दुसऱ्याचं सॉफ्टवेअर विकणाऱ्यांनी हे आधी बघावं. राज्याच्या किंवा महापालिकेच्या निविदेत मात्र केंद्राचा आदेश दाखवून सवलत गृहीत धरू नका. त्या निविदेतलं कलम काय म्हणतं तेच खरं.

पहिल्या लिफाफ्यातली कागदपत्रे

कंपनी नोंदणी, पॅन, जीएसटी, तीन वर्षांचे ताळेबंद आणि आयकर विवरणपत्रे ही नेहमीची. गडबड होते ती पुढच्या कागदांत :

- सीएचे दाखले (उलाढाल, नक्त मूल्य). १ फेब्रुवारी २०१९ पासून सर्व दाखल्यांवर १८ अंकी यूडीआयएन सक्तीचा आहे. समिती तो ऑनलाइन तपासू शकते, आणि दाखल्यातला आकडा तिथल्या आकड्याशी जुळला पाहिजे.
- संचालक मंडळाचा ठराव आणि मुखत्यारपत्र. ज्याच्या नावाची डिजिटल सही त्याच्याच नावाचं.
- काळ्या यादीत नसल्याचं प्रतिज्ञापत्र, निविदेतल्या नमुन्यातच. राज्यात ऑक्टोबर २०२४ पासून १०० रुपयांच्या मुद्रांकाची जागा ५०० च्या मुद्रांकाने घेतली. जुना नमुना उघडून त्यावरच टाइप करणाऱ्यांनी रक्कम बदलून घ्यावी.
- भारताशी भूसीमा असलेल्या देशांबाबतचं प्रमाणपत्र, नियम १४४ (अकरा) खालचं. परदेशी भागधारक नसले तरी ते द्यावं लागतं.
- स्थानिक घटकाचं, म्हणजे मूल्यातला किती वाटा देशातला आहे याचं, घोषणापत्र. ५० टक्के किंवा जास्त असेल तर वर्ग-१ पुरवठादार, २० ते ५० मध्ये वर्ग-२. खरेदी १० कोटींच्या वर असेल तर लेखापरीक्षकाचा किंवा परिव्यय लेखापालाचा दाखला लागतो.

राहिलेला कागद नंतर देण्याची (त्रुटीपूर्तीची) संधी मिळेल या भरवशावर राहू नका. केंद्राच्या खरेदी मार्गदर्शिकेत ती निविदा उघडण्याआधी अस्तित्वात असलेल्या कागदांपुरतीच आहे. मुदतीनंतरच्या तारखेचं प्रमाणपत्र त्यात बसत नाही.

निविदापूर्व बैठक

प्रश्न निविदेतल्या तक्त्यातच पाठवा : पान क्रमांक, कलम, मूळ मजकूर, प्रश्न आणि सुचवलेला बदल. ‘अट शिथिल करावी’ एवढंच लिहिलं तर ‘निविदेप्रमाणे’ असं उत्तर येतं. बदललेलं वाक्य तयार करून दिलं तर अधिकाऱ्याला ते पुढे मांडता येतं.

विचारायलाच हवेत असे मुद्दे म्हणजे दंड, जुना डेटा आणि कर. प्रणाली ९९.९ टक्के वेळ चालू हवी असं लिहिलं असेल तर तीस दिवसांच्या महिन्यात बंद राहण्याची मुभा सुमारे ४३ मिनिटांची. ९९.५ टक्के असेल तर ३ तास ३६ मिनिटं. रुग्णालयाचं इंटरनेट आणि वीज गेल्याचा वेळ यातून वगळणार का, हे लेखी घ्या. नाहीतर तालुक्यातल्या ग्रामीण रुग्णालयात वीज गेली की दंड तुमच्या बिलातून जाईल. जुना डेटा किती, कोणत्या स्वरूपात, आणि तो काढून देणार कोण? करात, नगरपालिका व पंचायतींकडे सोपवलेल्या कामांसाठी सरकारला दिलेल्या निव्वळ सेवेला जीएसटीतून सूट आहे, आणि सार्वजनिक आरोग्य त्या कामांच्या यादीत येतं. पण सोबत हार्डवेअर असेल तर ती ‘निव्वळ सेवा’ राहत नाही. दर करासह की करावेगळा, हे शुद्धिपत्रकात (निविदेतल्या बदलांच्या जाहीर पत्रकात) आणून घ्या. शुद्धिपत्रक हा निविदेचाच भाग असतो, तेही सही करून अपलोड करायचं.

पोर्टलवर अर्ज

डिजिटल सही वर्ग ३ ची लागते. वर्ग २ ची सही १ जानेवारी २०२१ पासून बंद आहे. सही साठवलेलं यूएसबी टोकन पोर्टलवर आधी नोंदवा आणि त्याची मुदत निविदेच्या अंतिम तारखेपलीकडे आहे का ते पाहा.

बयाणा रक्कम केंद्रीय नियमांत अंदाजित रकमेच्या २ ते ५ टक्के असते. एनईएफटी किंवा आरटीजीएसने भरत असाल तर पोर्टलवरून निघालेल्या चलनातला खाते क्रमांक आणि रक्कम तंतोतंत वापरा. ते चलन त्या एका निविदेपुरतंच असतं. पैसे पोर्टलवर दिसायला वेळ लागतो, म्हणून दोन-तीन कामाचे दिवस आधी भरा.

दरपत्रकाची एक्सेल फाइल त्याच निविदेतून उतरवा. नाव बदलू नका, ओळी वाढवू नका, मॅक्रो चालू ठेवा. पहिल्या लिफाफ्यात कुठेही दर दिसला तर निविदा बाद होते. दर चुकून जातो तो बहुधा जुन्या कार्यारंभ आदेशाच्या मागे चिकटलेल्या स्वतःच्या प्रस्तावातून. शेवटी ‘फ्रीज बिड’ दाबायचं. फायली चढवून तिथेच थांबलात तर निविदा सादर झालेली नसते. बिड क्रमांकासह पोचपावती आली की काम झालं. वेळ सर्व्हरच्या घड्याळाची धरतात.

दर आणि गुण

निव्वळ लघुत्तम दराची निविदा सोपी : पात्र ठरलेल्यांत सर्वांत कमी दर. गुणवत्ता-खर्च पद्धतीत तांत्रिक आणि आर्थिक गुण ठरलेल्या वजनाने एकत्र करतात, तिथे गणित वेगळं. समजा, क कंपनीला तांत्रिक ९० गुण आणि दर १ कोटी २० लाख, ख कंपनीला ७५ गुण आणि दर ९० लाख. क चे आर्थिक गुण ९० ÷ १२० × १०० म्हणजे ७५, ख चे १००. तांत्रिक-आर्थिक वजन ७०:३० असेल तर क ला ६३ + २२.५ = ८५.५ आणि ख ला ५२.५ + ३० = ८२.५. तीस लाखांनी महाग असूनही काम क ला. तांत्रिक वजन ३० असेल तर क ७९.५ आणि ख ९२.५. सल्लागार सेवा सोडून इतर सेवांसाठी ही पद्धत केंद्राने ऑक्टोबर २०२१ मध्ये ठरावीक अटींवर खुली केली, पण दराव्यतिरिक्त बाबींचं वजन ३० टक्क्यांच्या वर नेता येत नाही. म्हणून वजनाचं कलम वाचल्याशिवाय दर ठरवू नका.

दर काढताना दोन खर्च राहून जातात. सर्ट-इनच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सायबर घटना कळल्यापासून ६ तासांत कळवावी लागते आणि लॉग (प्रणालीत होणाऱ्या हालचालींच्या नोंदी) १८० दिवस जपावे लागतात. म्हणजे रात्रपाळीचा माणूस आणि साठवणीची जागा. दुसरा खर्च प्रशिक्षणाचा. बाह्यरुग्ण विभागातले कर्मचारी आणि डॉक्टर बदलून जातात, आणि पुन्हा प्रशिक्षण द्यावं लागतं. पाच वर्षांत एकदाच प्रशिक्षण धरणारा दर पहिल्याच वर्षी कोलमडतो.

काम मिळाल्यावर

स्वीकृतीपत्र आल्यावर ठरलेल्या मुदतीत सुरक्षा ठेव (बहुधा बँक हमीच्या रूपात) द्यायची असते, केंद्रीय नियमांत कराराच्या ३ ते १० टक्के. ती सगळी जबाबदारी संपल्यानंतर आणखी ६० दिवस वैध लागते. पाच वर्षांचं काम आणि त्यानंतरची वॉरंटी असेल तर बँक हमीची तारीख त्या वॉरंटीपुढे मोजा. प्रत्येक बिलातून, करार अडीच लाखांच्या वर असल्यास, २ टक्के जीएसटी टीडीएस कापला जातो. तो जीएसटी पोर्टलवरच्या तुमच्या इलेक्ट्रॉनिक रोख खात्यात जमा होतो, पण त्यासाठी विभागाने आपलं जीएसटीआर-७ विवरण भरलेलं असावं लागतं. ते अडकलं तर पैसेही अडकतात, म्हणून पहिल्या बिलाच्या वेळीच लेखा शाखेत विचारून ठेवा.