‘८डी’ गाण्यात आठ दिशा नसतात

‘हेडफोन लावा, डोळे मिटा. हे ८डी तंत्रज्ञान आहे, आवाज आठ दिशांनी येतो!’ सत्तरच्या दशकातल्या रॉक बँडच्या गाण्यासोबत हा मेसेज अनेक वर्षं फिरतो आहे. आवाज डोक्याभोवती फिरल्यासारखा वाटतो, हे अगदी खरं. पण त्यात वाहिन्या, म्हणजे आवाजाचे स्वतंत्र प्रवाह, दोनच असतात, डावा आणि उजवा.

उजवीकडचा आवाज डाव्या कानाला किंचित क्षीण ऐकू येतो आणि सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी उशिरा पोचतो. मुख्यतः यावरून मेंदू डावी-उजवी दिशा ठरवतो. ‘८डी’ बनवणारे चाहते तयार स्टिरिओ, म्हणजे दोन वाहिन्यांचं, गाणं घेतात, ते हळूहळू एका कानाकडून दुसऱ्याकडे सरकवतात आणि वर घुमारा चढवतात. मूळ ध्वनिमुद्रणात नव्हतं असं एकही वाद्य त्यामुळे वाढत नाही. खऱ्या चार वाहिन्यांच्या रेकॉर्डी त्याच दशकात निघाल्या होत्या, पण त्यांना चार स्पीकर लागत.

पडताळायचं असेल तर एक इअरफोन काढा: आवाज नुसता लहानमोठा होत राहील. फोनच्या सेटिंगमध्ये ‘मोनो ऑडिओ’ (दोन्ही कानांना एकच आवाज) चालू केलं, की फिरणं थांबतं आणि घुमारा तेवढा उरतो. मग मूळ गाणं लावा. गिटार कुठे ठेवायची हे तिथे मिक्स करणाऱ्याने विचारपूर्वक ठरवलेलं असतं, आणि मला तेच जास्त मोलाचं वाटतं.