सीटी स्कॅनमधला काप कसा रचला जातो

सीटी स्कॅनचे यंत्र शरीराचा आतला फोटो काढत नाही. रुग्णाभोवती फिरत असताना क्ष-किरण शरीराच्या आरपार जाताना किती क्षीण झाले, एवढेच ते मोजते. प्रत्येक मोजणीतून त्या किरणाच्या वाटेवरील सर्व ऊतींची मिळून एक बेरीज हाती येते. शेकडो कोनांतून घेतलेल्या अशा बेरजांवरून कापातील, म्हणजे शरीराच्या एका पातळ आडव्या छेदातील, प्रत्येक बिंदूची किंमत (तिथली ऊती क्ष-किरण किती क्षीण करते ते) काढणे म्हणजेच प्रतिमेची पुनर्रचना. हे गणिताने शक्य आहे, असे गणितज्ञ योहान राडोन यांनी १९१७ मध्ये दाखवले होते; अभियंते गॉडफ्रे हाउन्सफिल्ड यांच्या सीटी यंत्रावर पहिल्या रुग्णाचा मेंदू तपासला गेला तो १९७१ मध्ये.

सर्वांत सरळ रीत अशी, की प्रत्येक बेरीज तिच्या किरणाच्या वाटेवर सारखी पसरावी आणि सगळ्या कोनांची पसरण एकमेकींवर रचावी. परंतु तसे केल्यास प्रत्येक बिंदूभोवती धुरकट वलय उरते. त्यावर उपाय म्हणजे पसरण्यापूर्वीच प्रत्येक बेरीज गणिती गाळणीतून काढणे. ही गाळणी मोजणीच्या दोन्ही बाजूंना ऋण किमती ठेवते आणि धुरकटपणा परस्पर कापला जातो. भारतीय शास्त्रज्ञ जी. एन. रामचंद्रन आणि ए. व्ही. लक्ष्मीनारायणन यांनी १९७१ मध्ये हे काम फूरिए रूपांतराच्या (मोजण्या लहरींच्या रूपात मांडण्याच्या गणिताच्या) वळशाशिवाय करण्याची पद्धत मांडली. त्यांची गाळणी आजही जगभर 'राम-लॅक' म्हणून ओळखली जाते. कोलॅजेन या प्रथिनाच्या रचनेसाठी आपण रामचंद्रन यांना आठवतो, सीटीच्या संदर्भात मात्र क्वचितच, याचे नवल वाटते.

गाळणी जितकी तीव्र, तितक्या कडा स्पष्ट होतात, पण प्रतिमेतील खरखर, म्हणजे दाणेदार ठिपक्यांचा गोंधळ, हीही वाढते. म्हणून हाडांसाठी तीव्र आणि यकृतासारख्या मृदू ऊतींसाठी सौम्य गाळणी वापरतात. दोन्ही प्रतिमा एकाच स्कॅनमधून, रुग्णाला जादा किरणोत्सर्ग न देता, तयार होतात. मात्र त्यासाठी मूळ मोजण्या हव्यात, आणि त्या यंत्रावर सहसा थोडेच दिवस राहतात. दुसऱ्या डॉक्टरांचे मत घेण्यासाठी परळच्या एखाद्या रुग्णालयात नेलेल्या सीडीत फक्त तयार प्रतिमा असतात. त्यांवरून गाळणी बदलून नवी पुनर्रचना करता येत नाही.

खरखर निम्मी करायची तर किरणांची मात्रा साधारण चौपट करावी लागते. हा व्यवहार टाळण्यासाठी पुनरावृत्तीची पद्धत उपयोगी पडते: संगणक आधी एक अंदाजी प्रतिमा धरतो, तिच्यावरून कोणत्या मोजण्या आल्या असत्या हे काढतो, प्रत्यक्ष मोजण्यांशी ताडून पाहतो आणि फरकानुसार प्रतिमा सुधारत जातो. हाउन्सफिल्ड यांची सुरुवातीची रीतही याच कुळातली होती. पण ती वेळखाऊ असल्याने अनेक दशके गाळणीचेच राज्य चालले. अलीकडे प्रशिक्षित न्यूरल नेटवर्कही (उदाहरणांवरून शिकणाऱ्या संगणक प्रणालीही) हे काम करतात. त्यांच्या प्रतिमा डोळ्यांना सुखद वाटतात, पण खरखर पुसताना यकृतातील एखादा लहानसा, फिकट डागही पुसला जाऊ शकतो. म्हणून मात्रा किती कमी करायची, हे प्रतिमेच्या देखणेपणावरून ठरवता येत नाही.