टेक्सासमध्ये पहिलं लायसन्स: सहा तासांचा ऑनलाइन कोर्स आणि त्यापुढचं सगळं

ऑगस्ट संपत आला की आमच्या घरी फोन सुरू होतात. पुण्या-नाशिकहून एमएससाठी आलेली मुलं रिचर्डसनला, आर्लिंग्टनला, कॉलेज स्टेशनला उतरतात. दोन आठवडे कुणाच्या तरी गाडीतून किराणा आणतात आणि मग विचारतात, "मावशी, लायसन्सचं काय करायचं?" एच-४ (नोकरदाराच्या जोडीदाराला मिळणाऱ्या) व्हिसावर आलेल्या मुली हाच प्रश्न जरा उशिरा विचारतात. बऱ्याचदा नवरा ऑफिसला गेल्यावर दिवसभर घरात बसून कंटाळल्यावर. मीही त्याच वाटेने आले, म्हणून सगळं एकदाच नीट लिहून ठेवते. ही माहिती टेक्सासची आहे. अमेरिकेत प्रत्येक राज्याचे नियम वेगळे असतात, त्यामुळे न्यू जर्सीतल्या बहिणीचा अनुभव इथे जसाच्या तसा लागू होत नाही.

आधी एक गैरसमज. भारतातलं लायसन्स दाखवलं की इथलं बदलून मिळतं, असं बऱ्याच जणांना वाटतं. टेक्सासचा तसा करार कॅनडा, जर्मनी, फ्रान्स, दक्षिण कोरिया अशा मोजक्या देशांशी आहे, भारताशी नाही. त्यामुळे पुण्यात दहा वर्षं गाडी चालवली असली तरी इथे लेखी आणि रस्त्यावरची अशा दोन्ही परीक्षा द्याव्याच लागतात. टेक्सासचे रहिवासी झाल्यावर भारतीय लायसन्सवर जास्तीत जास्त ९० दिवस गाडी चालवता येते. ते दिवस भराभर जातात.

कोर्स कुणाला करावाच लागतो

वय १८ ते २४ असेल आणि पहिलं लायसन्स काढायचं असेल, तर सहा तासांचा प्रौढांचा ड्रायव्हर एज्युकेशन कोर्स सक्तीचा आहे. एमएसला आलेली बहुतेक मुलं बावीस-तेवीसची असतात, म्हणजे नेमकी याच गटात. वय २५ किंवा जास्त असेल तर सक्ती नाही, पण माझा सल्ला आहे की तरीही करा. एक कारण सोयीचं आहे: या कोर्समध्येच नियमांची आणि खुणांची परीक्षा होते. ती पास झालात की डीपीएसच्या (लायसन्स देणाऱ्या विभागाच्या) ऑफिसात जाऊन लेखी परीक्षा वेगळी द्यावी लागत नाही. कोर्स न करता थेट डीपीएसमध्ये गेलात तर तिथे ३० प्रश्न असतात आणि पास व्हायला ७० टक्के, म्हणजे २१ बरोबर लागतात. दुसऱ्या कारणाकडे पुढे येते.

दोन सरकारी नावं ध्यानात ठेवा. लायसन्स देतो तो डीपीएस, म्हणजे राज्याचा सार्वजनिक सुरक्षा विभाग. ड्रायव्हिंग शाळांना आणि ऑनलाइन कोर्सना मान्यता देतो तो टीडीएलआर हा दुसराच विभाग. कोर्सचे पैसे भरण्याआधी त्या संस्थेचं नाव टीडीएलआरच्या मान्यताप्राप्त यादीत आहे का, ते बघा.

आणखी एक खाचखळगा. 'डिफेन्सिव्ह ड्रायव्हिंग' नावाचाही सहा तासांचा ऑनलाइन कोर्स असतो. तो ज्यांच्याकडे आधीच लायसन्स आहे आणि ज्यांना दंडाची पावती रद्द करून घ्यायची आहे, त्यांच्यासाठी असतो. नाव सारखं, तास सारखे, जाहिराती शेजारीशेजारी. माझ्या ओळखीच्या एका मुलाने स्वस्त दिसला म्हणून तोच कोर्स केला, आणि काउंटरवर गेल्यावर त्याला कळलं की हे प्रमाणपत्र पहिल्या लायसन्ससाठी चालत नाही. पैसेही गेले आणि अपॉइंटमेंटही. तुम्हाला जे प्रमाणपत्र मिळायला हवं त्याचा नंबर आहे एडीई-१३१७. तेवढा पाठ करा.

सहा तास कसे जातात

कोर्स सुरू करायला व्हिसाचे कागद लागत नाहीत, नाव, जन्मतारीख, पत्ता पुरतो. नाव मात्र पासपोर्टवर आहे तसंच्या तसं टाका. प्रत्येक पानाला ठरलेला वेळ असतो, तो संपल्याशिवाय पुढचं बटण चालू होत नाही. म्हणून टॅब उघडा ठेवून भाजी चिरायला जायचं, असं बरेच जण करतात. मधूनमधून ओळख पटवणारे प्रश्न येतात, तुम्हीच बसला आहात ना ते बघायला. एका बैठकीत संपवायची गरज नाही, दोन-तीन दिवसांत करा.

आणि इथे माझं दुसरं कारण. भारतात गाडी चालवलेल्या माणसालाच हा कोर्स जास्त गरजेचा आहे. नवखा माणूस जे शिकवाल ते शिकतो. आपल्या हातापायांना मात्र आधीच सवयी लागलेल्या असतात, आणि त्या आपल्याला दिसतही नाहीत. गाडी उजव्या बाजूने चालवायची हे चार दिवसांत अंगवळणी पडतं. खरी अडचण बारीक गोष्टींची आहे.

स्टॉपची लाल अष्टकोनी पाटी घ्या. चौकात कुणी नाही, रात्रीचे अकरा वाजलेत, तरी चाकं पूर्ण थांबली पाहिजेत. आपण वेग कमी करतो, डावी-उजवीकडे बघतो आणि पुढे सरकतो. आपल्या मते आपण थांबलेलो असतो. परीक्षकाच्या मते नसतो. चारही बाजूंना स्टॉप असेल तर जो आधी येऊन थांबला तो आधी जातो. दोघे एकदम आले तर उजवीकडच्याला आधी जाऊ द्यायचं. पहिल्यांदा अशा चौकात मी थांबले तेव्हा समोरच्या गाडीतल्या बाईंनी हाताने "तुम्ही जा" अशी खूण केली, आणि मला कळेचना की माझी पाळी आहे. मागे तीन गाड्या उभ्या, आणि एकानेही हॉर्न वाजवला नाही. हॉर्न इथे धोका टाळायला वाजवतात, "मी आलोय" सांगायला नाही.

दुसरी गोष्ट शाळेच्या पिवळ्या बसची. बस थांबून लाल दिवे लुकलुकत असतील तर तिच्या मागच्याच नव्हे, समोरून येणाऱ्या गाड्यांनीही थांबायचं असतं. रस्त्याच्या मधोमध दुभाजक असेल तरच समोरच्यांना सूट, नुसती मधली वळणाची लेन असेल तर नाही. पहिल्याच चुकीला दंड ५०० डॉलरपासून सुरू होतो. दंडापेक्षाही मला ते बसमधून उतरून रस्ता ओलांडणारं पोर डोळ्यांपुढे येतं. कोर्समधला हा भाग भाजी बाजूला ठेवून बघा.

बाकी वळणाआधी किमान १०० फूट सिग्नल, गाडी चालवताना मेसेज करायला २०१७ पासून बंदी, रस्त्याच्या कडेला दिवे लावून उभ्या असलेल्या पोलिस किंवा रुग्णवाहिकेसाठी लेन सोडणं किंवा वेगमर्यादेपेक्षा २० मैलांनी कमी वेगात जाणं, हे सगळं कोर्समध्ये येतं. दारूबद्दल एकच सांगते: रक्तात ०.०८ टक्के ही कायद्याची रेषा आहे, आणि २१ वर्षांखालच्यांना थोडीशीही चालत नाही. व्हिसावर असलेल्या माणसासाठी असा गुन्हा फक्त गाडीपुरता राहत नाही.

कागदपत्रं

सगळ्यात जास्त लोक इथे अडतात. डीएल-१४ए हा अर्ज घरून भरून न्या. त्याबरोबर अमेरिकेतल्या कायदेशीर वास्तव्याचा पुरावा: पासपोर्ट, व्हिसा, आय-९४ (अमेरिकेत प्रवेशाची नोंद) ची छापील प्रत. विद्यार्थ्यांनी आय-२० (विद्यापीठाने दिलेला प्रवेशाचा कागद), एच-१ (नोकरीचा व्हिसा) आणि एच-४ वाल्यांनी आय-७९७ (इमिग्रेशनचा मंजुरीचा कागद) असेल तर तोही. डीपीएस हे तपशील केंद्र सरकारच्या नोंदींशी ताडून बघतं, म्हणून विमानातून उतरल्यावर तिसऱ्या दिवशी धावू नका.

सोशल सिक्युरिटी नंबर असेल तर त्याचा पुरावा न्या. एच-४ वरच्या आणि कॅम्पसवर नोकरी नसलेल्या बऱ्याच जणांकडे तो नसतो. त्यामुळे लायसन्स अडत नाही, नंबर मिळालेला नाही असं प्रतिज्ञापत्र तिथेच सही करून देता येतं. या एका गैरसमजापायी मी सहा महिने घरात बसलेल्या मुली पाहिल्यात.

मग टेक्सासमधल्या पत्त्याचे दोन पुरावे: घराचा भाडेकरार, वीज-पाण्याचं बिल, बँकेचं स्टेटमेंट अशांपैकी. त्यांतल्या एकाने तरी तुम्ही ३० दिवस इथे राहताय हे दिसलं पाहिजे. माझी गाडी इथेच अडली होती. करार नवऱ्याच्या नावावर, वीज त्याच्या नावावर, बँकेचं खातं त्याचं. माझ्या नावाचं घरात आलेलं एकमेव पाकीट म्हणजे आईने पाठवलेल्या दिवाळी फराळाच्या पार्सलची पावती. काउंटरवरून परत आले तेव्हा फार अपमान वाटला, जणू मी त्या घरात राहतच नव्हते. नंतर कळलं की यासाठी डीएल-५ हा वेगळा फॉर्म आहे: ज्यांच्यासोबत राहता ते आपल्या पत्त्याचे पुरावे देऊन तुम्ही त्यांच्याकडे राहता असं लिहून देतात. नातेवाईक असाल तर नात्याचा पुरावा लागतो, पती-पत्नीसाठी विवाह प्रमाणपत्र. रूममेटच्या नावावर करार असलेल्या मुलांनाही हा फॉर्म उपयोगी पडतो. तरीही आल्याआल्या बँकेच्या खात्यावर आणि करारावर आपलं नाव घालून घेणं हा जास्त सोपा मार्ग आहे, आणि लायसन्स सोडून इतर शंभर ठिकाणीही तो कामाला येतो.

आपल्या नावांचं प्रकरण वेगळंच आहे. कुणाच्या पासपोर्टवर पहिल्या नावातच वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव जोडलेलं असतं. कुणाचं पासपोर्टवर माहेरचं आडनाव आणि करारावर सासरचं. आय-९४, पासपोर्ट, करार आणि कोर्सचं प्रमाणपत्र समोर पसरा आणि एकेक अक्षर जुळवून बघा. आडनाव बदललं असेल तर दोन नावं जोडणारा कागद, म्हणजे विवाह प्रमाणपत्र, सोबत हवंच. जुनं प्रमाणपत्र फक्त मराठीत असेल तर त्याचं प्रमाणित इंग्रजी भाषांतर करून घ्या. भारतातून निघण्याआधीच हे करून ठेवलं तर उत्तम.

काउंटर, व्हिडिओ आणि रस्ता

डीपीएसची अपॉइंटमेंट ऑनलाइन घ्यावी लागते. डॅलस-ह्यूस्टनकडे तारखा लांबच्या दिसतात, पण राज्यातल्या कुठल्याही ऑफिसात जाता येतं. तासाभरावरच्या लहान गावात बऱ्याचदा लवकर मिळते, आणि सकाळी रद्द झालेल्या जागाही उघडतात. तिथे फोटो, अंगठ्याचे ठसे, डोळ्यांची तपासणी आणि ३३ डॉलर फी. रस्त्यावरची परीक्षा बाकी असेल तर आधी शिकाऊ लायसन्स मिळतं. त्यावर सराव करताना शेजारच्या सीटवर किमान २१ वर्षांचा, वर्षभराचा अनुभव असलेला लायसन्सधारक बसलेला हवा. अर्ज ९० दिवस जिवंत असतो आणि तेवढ्यात परीक्षेच्या तीन संधी मिळतात.

रस्त्यावरच्या परीक्षेआधी आणखी एक पायरी आहे, आणि ती लोक हमखास विसरतात. 'इम्पॅक्ट टेक्सास ड्रायव्हर्स' या कार्यक्रमाचा एक तासाचा मोफत व्हिडिओ डीपीएसच्या साइटवर बघायचा असतो. त्याचंही प्रमाणपत्र मिळतं आणि ते ९० दिवसच चालतं. क्रम पाळा: सहा तासांचा कोर्स आधी, हा व्हिडिओ नंतर. कोर्स न केलेल्या पंचविशीच्या पुढच्या लोकांनी लेखी परीक्षेनंतर बघायचा. व्हिडिओत रस्त्यावर आपली माणसं गमावलेले लोक बोलतात. तो लावून दुसऱ्या कामाला लागणं मला तरी जमलं नाही.

परीक्षेची गाडी तुम्हीच न्यायची. विमा आणि नोंदणी चालू असावी, पुढे-मागे दोन्ही नंबर प्लेट असाव्यात. विम्यात तुमचं नाव आहे का ते आधी बघून ठेवा. परीक्षेत समांतर पार्किंग, सुमारे ६० फूट सरळ रेषेत मागे येणं, चौकात थांबणं, वळणं हे येतं. ३० पेक्षा जास्त गुण कापले गेले की नापास. मागे येताना फक्त आरशात बघू नका, मान वळवून मागच्या काचेतून बघा. लेन बदलतानाही खांद्यावरून बघणं परीक्षकाला दिसलं पाहिजे. डीपीएसची तारीख मिळत नसेल तर मान्यताप्राप्त ड्रायव्हिंग शाळेतही ही परीक्षा देता येते. तिथे वेगळे पैसे पडतात, पण तारीख लवकर मिळते.

घरात पंधरा-सोळा वर्षांचं मूल असेल तर त्याची वाट वेगळी. शिकाऊ लायसन्स १५ व्या वर्षी मिळू शकतं. त्यासाठी वर्गातला कोर्स आणि शाळेत जात असल्याचा दाखला लागतो. सहा महिने ते हातात असल्यावर, गाडी चालवण्याचे ठरलेले तास झाल्यावर आणि १६ पूर्ण झाल्यावर पुढचं लायसन्स, पण त्यावरही मध्यरात्र ते पहाटे पाच गाडी चालवण्यावर बंधनं राहतात. व्हिडिओही त्यांच्यासाठी दोन तासांचा आहे. त्यांचा कोर्स आईवडिलांना घरीही शिकवता येतो, आणि तो विषय स्वतंत्रपणे लिहिण्यासारखा आहे.

पास झालात की कागदी तात्पुरतं लायसन्स मिळतं आणि कार्ड पोस्टाने घरी येतं. व्हिसावर असणाऱ्यांच्या कार्डावर 'लिमिटेड टर्म' लिहिलेलं असतं आणि त्याची मुदत तुमच्या वास्तव्याच्या परवानगीएवढीच असते, म्हणून व्हिसा वाढला की लायसन्सही वाढवून घ्यावं लागतं. पाकीट फोडलं की लगेच नाव आणि जन्मतारीख पासपोर्टशी ताडून बघा, पत्ताही तपासा. घराच्या टपालपेटीवरही आधीच आपलं नाव चिकटवून ठेवा.