ट्रकसाठी लॉकिंग आणि लिमिटेड-स्लिप डिफरन्शियल

डिफरन्शियल ही चालक अ‍ॅक्सलच्या मधोमध बसवलेली गिअरची जुळणी आहे. वळणावर बाहेरचे चाक आतल्या चाकापेक्षा जास्त अंतर कापते. दोन्ही चाकांना इंजिनाची ताकद मिळत राहून त्यांचा वेग मात्र वेगळा राहावा, हे तिचे काम. फ्रान्समध्ये ओनेझिफोर पेकर याने १८२७ साली वाफेच्या गाडीसाठी तिची रचना केली. साध्या डिफरन्शियलचा दोष चिखलात उघडा पडतो : एक चाक जागेवर गरगर फिरते आणि दुसरे कोरड्या जमिनीवर असूनही हलत नाही. त्यावर लॉकिंग (दोन्ही चाके एकत्र जखडणारे) आणि लिमिटेड-स्लिप (एका चाकाच्या घसरण्याला रोध करणारे) असे दोन उपाय आहेत. ते एकमेकांची जागा घेऊ शकत नाहीत. ट्रकसाठी कोणता घ्यावा हे गाडीच्या आकारावर नव्हे, तर चाकाची पकड कशी आणि किती सुटते यावर ठरते.

दोष नेमका कुठे आहे

साध्या डिफरन्शियलमध्ये इंजिनाकडून येणाऱ्या प्रोपेलर शाफ्टचा पिनियन (छोटा गिअर) क्राऊन या मोठ्या गिअरला फिरवतो, क्राऊनसोबत पिंजरा फिरतो आणि पिंजऱ्यातले स्टार पिनियन हे छोटे गिअर दोन्ही बाजूंच्या, चाकांच्या शाफ्टवरच्या सन गिअरना ढकलतात. स्टार पिनियन तराजूच्या दांडीसारखा वागतो, दोन्हीकडे सारखाच टॉर्क (फिरवण्याचा जोर) देतो. त्यामुळे कमी पकडीच्या चाकाला जेवढा टॉर्क पेलतो तेवढाच दुसऱ्यालाही मिळतो. ‘सगळी ताकद घसरणाऱ्या चाकाकडे जाते’ असे सर्रास म्हटले जाते, ते बरोबर नाही. त्या चाकाकडे वेग जातो, ताकद दोन्हीकडे सारखीच आणि तुटपुंजी राहते.

हिशेबाने फरक स्पष्ट होतो. २,५०० किलो वजनाचा, फक्त मागच्या चाकांवर चालणारा पिकअप घ्या. मागच्या प्रत्येक चाकावर ७०० किलो भार आणि टायरची त्रिज्या ०.३५ मीटर. डावे चाक पातळ चिखलात (घर्षणांक, म्हणजे पकडीचे माप, ०.१५) आणि उजवे मुरमावर (०.७) असेल, तर डावे साधारण ३६० न्यूटन-मीटर आणि उजवे १,६८० न्यूटन-मीटर टॉर्क पेलू शकते. साधे डिफरन्शियल ३६० अधिक ३६०, म्हणजे ७२० देते. त्यातून सुमारे २,०६० न्यूटन ओढ मिळते. पकड असलेल्या चाकाला घसरणाऱ्याच्या अडीच पट टॉर्क देणारे लिमिटेड-स्लिप ३६० अधिक ९०० देते, ओढ ३,६०० न्यूटन. लॉक लावल्यावर दोन्ही चाकांची पूर्ण पकड वापरता येते : २,०४० न्यूटन-मीटर, म्हणजे ५,८०० न्यूटनच्या वर. १२ टक्के चढावर या गाडीला जमिनीच्या रोधासह सुमारे ३,४०० न्यूटन लागतात. तिथे साधे डिफरन्शियल अडकते, लिमिटेड-स्लिप जेमतेम निभावते. २० टक्के चढावर सुमारे ५,३०० लागतात आणि तिथे फक्त लॉकच चालते.

आता डावे चाक हवेत उचलले गेले असे धरा. साध्या डिफरन्शियलची ओढ शून्य होते. गिअरच्या घर्षणावर चालणाऱ्या लिमिटेड-स्लिपचीही जवळपास शून्यच, कारण शून्याची अडीच पट शून्यच. निवडीतली सर्वाधिक फसगत इथे होते. उंचसखल दगडी वाटेवर चाके उचलली जाणार असतील, तर केवळ लिमिटेड-स्लिपवर विसंबू नये.

लिमिटेड-स्लिपचे प्रकार

क्लच-प्लेटच्या प्रकारात सन गिअरमागे घर्षण-प्लेटा आणि पोलादी प्लेटा आळीपाळीने बसवतात आणि स्प्रिंगने त्या थोड्या दाबून ठेवतात. टॉर्क वाढला की गिअरच्या रेट्याने दाब वाढतो. स्प्रिंगच्या दाबामुळे हवेतल्या चाकाच्या वेळीही दुसऱ्याला थोडी ताकद मिळते, पण भरलेल्या गाडीला हलवायला ती अपुरी असते. अमेरिकेत पॅकार्डच्या १९५६च्या मोटारींपासून हा प्रकार रस्त्यावर आला. यातल्या प्लेटा झिजतात. झीज हळूहळू होत असल्याने, डिफरन्शियल केव्हा साध्यासारखे वागू लागले हे चालकाच्या लक्षातही येत नाही.

गिअरच्या प्रकारात (टॉर्सन हे त्यातले प्रसिद्ध नाव, व्हर्नन ग्लीसमन याचे पेटंट १९५८चे) तिरप्या दात्यांच्या गिअरचे आपसातले घर्षण हेच काम करते. झिजणाऱ्या प्लेटा नसल्याने तो अनेक वर्षे टिकतो आणि हिसका देत नाही. चाक हवेत गेले तर हँडब्रेक दोन-तीन खाचा ओढून हळू अ‍ॅक्सिलरेटर द्यावा. मोकळ्या चाकाला ब्रेकचा रोध मिळतो आणि त्याच्या अडीच पट टॉर्क दुसऱ्याकडे जातो. ही युक्ती तारेच्या हँडब्रेकच्या पिकअपवरच करावी, हवेच्या स्प्रिंग-ब्रेकच्या ट्रकवर करू नये.

लॉकचे प्रकार

चालकाने लावायचे लॉक सर्वांत भरवशाचे. त्यात दात्यांची सरकती कॉलर पिंजरा आणि एक अ‍ॅक्सल शाफ्ट एकत्र जखडते. स्टार पिनियन फिरायचे थांबतात आणि दोन्ही चाके एकाच वेगाने फिरतात. अवजड टिपरमध्ये कॉलर हवेच्या दाबाने सरकते, पिकअपमध्ये हवा, वीज किंवा तारेने. महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याला हे लॉक ट्रॅक्टरमुळे ओळखीचे आहे : टाचेने पेडल दाबले की लागते, पाय उचलला की सुटते. फोर्स गुरखाला पुढच्या आणि मागच्या दोन्ही अ‍ॅक्सलना, तर टोयोटा हायलक्सला मागच्या अ‍ॅक्सलला असे लॉक मिळते.

स्वयंचलित लॉकमध्ये दोन तऱ्हा आहेत. ईटन कंपनीचे यांत्रिक लॉक (महिंद्रा थारच्या काही आवृत्त्यांत ते आहे) एरवी साध्यासारखे वागते आणि दोन चाकांच्या वेगात मिनिटाला सुमारे १०० फेऱ्यांचा फरक पडला की जखडते. साधारण ३० किमी वेगाच्या वर ते लागत नाही. चालकाने अ‍ॅक्सिलरेटर हळू वाढवून चाकाला थोडे फिरू द्यावे. एकदम तळाला दाबल्यास लॉक धक्क्याने बसते आणि वारंवार तसे झाले की आतले भाग तुटतात. डेट्रॉइट लॉकर याच्या उलट आहे. तो कायम जखडलेला असतो आणि वळणावर जास्त वेगाने फिरणाऱ्या बाहेरच्या चाकाला तेवढ्यापुरता सोडतो. वळणावर खटखट आवाज येणे हा त्याचा दोष नाही, काम करण्याची पद्धत आहे.

कोणत्या कामाला काय

खाणीतला किंवा बांधकामावरचा टिपर, ओल्या काळ्या मातीच्या रानातून ऊस काढणारा ट्रक यांना साधे डिफरन्शियल आणि चालकाच्या हातातले लॉक हीच जोडी योग्य आहे. अशा गाड्या बहुतेक अंतर डांबरी रस्त्यावर भरलेल्या चालतात, तिथे क्लच-प्लेटा विनाकारण झिजतील. आणि रुततात तेव्हा अशा रुततात की अर्ध्या उपायाने निघत नाहीत.

पावसाळ्यात घाटात, ओल्या वा खडीच्या रस्त्यावर रोज फिरणाऱ्या पिकअपला लिमिटेड-स्लिप जास्त उपयोगाचे, कारण तिथे पकड थोडी थोडी आणि सतत बदलते आणि दरवेळी बटण दाबणे शक्य नसते. त्यातही गिअरचा प्रकार निवडावा. रिकाम्या पिकअपच्या चालकाने एक गोष्ट जाणून घ्यावी. साध्या डिफरन्शियलमध्ये एक चाक फिरले तरी दुसरे बाजूची पकड राखते. लिमिटेड-स्लिप किंवा कायम जखडलेल्या लॉकमध्ये ओल्या वळणावर जास्त अ‍ॅक्सिलरेटर दिल्यास दोन्ही चाके एकदम सुटतात आणि गाडीची शेपटी आडवी जाते. म्हणून रस्त्यावरच्या पिकअपला डेट्रॉइट लॉकरसारखा प्रकार बसवू नये.

पुढच्या अ‍ॅक्सलला लॉक असले तरी ते शेवटी लावावे. ते लागलेले असताना स्टिअरिंग जड होते आणि चाके वळवून ताकद दिल्यास अ‍ॅक्सल शाफ्टचे जॉइंट तुटतात.

लॉक वापरण्याची रीत

लॉक रुतण्याआधी लावायचे असते. गाडी थांबलेली किंवा पायी चालण्याच्या वेगात हवी, चाक फिरत नसावे आणि अ‍ॅक्सिलरेटर सोडलेला असावा. फिरत्या चाकावर लॉक लावले की कॉलरचे दाते कोपऱ्यातून तुटतात. डॅशबोर्डवरचा लॉकचा दिवा लागेपर्यंत एक-दोन फूट हळू सरकावे, दाते समोरासमोर आल्याशिवाय कॉलर बसत नाही. शक्यतो सरळ जावे. कडक जमिनीवर येण्याआधी लॉक काढावे. दिवा विझला नाही तर शाफ्ट पिळलेले असतात. अ‍ॅक्सिलरेटर सोडून किंचित मागे घ्यावे, पीळ उतरला की कॉलर सुटते.

सहा-बाय-चार टिपरमध्ये (मागच्या दोन्ही अ‍ॅक्सलना ताकद मिळणाऱ्या) तीन डिफरन्शियल असतात : प्रत्येक चालक अ‍ॅक्सलमध्ये एक आणि त्या दोन अ‍ॅक्सलच्या दरम्यान एक. त्यात आधी दोन अ‍ॅक्सलच्या दरम्यानचे लॉक लावावे आणि भागले नाही तरच अ‍ॅक्सलच्या आतले, दोन चाकांमधले लावावे. अ‍ॅक्सलच्या आतले लॉक लावून ४० किमीच्या वर जाऊ नये. लॉक न लावता एकच चाक बराच वेळ फिरवत ठेवणे हा या गाड्यांचा मोठा घात आहे. एक बाजू थांबली की दुसरी क्राऊनच्या दुप्पट वेगाने फिरते, म्हणजे काटा ३० दाखवत असेल तेव्हा ते चाक ६०ने फिरत असते. स्टार पिनियनवरचे तेल उडून जाते आणि ते आपल्या क्रॉसवर (ज्या दांड्यावर ते फिरतात त्यावर) चिकटतात. काही सेकंदांत हजारोंचे काम निघते.

लॉकमध्ये सगळा टॉर्क एका शाफ्टवर येऊ शकतो. चिखलात चाक घसरून तो वाचतो, पण चाक दोन दगडांत पाचरीसारखे अडकलेले असेल तर शाफ्टच पिळतो. तिथे आधी दगड काढावेत, मग जोर लावावा.

जोडणी आणि देखभाल

नवा पिंजरा बसवताना क्राऊन-पिनियनची जुळणी नव्याने करावी लागते. हलक्या ट्रकमध्ये बॅकलॅश (दात्यांमधली मोकळी फट) साधारण ०.१५ ते ०.२५ मिमी ठेवतात, अचूक आकडा त्या अ‍ॅक्सलच्या पुस्तिकेतून घ्यावा. शिम (पातळ चकत्या) बदलून बेअरिंगचा दाब साधावा आणि दात्यांना रंग लावून संपर्काचा ठसा दात्याच्या मधोमध येतो ना ते पाहावे. ही पायरी गाळली की पहिल्या हजार किलोमीटरातच हाउसिंगमधून (डिफरन्शियलच्या बाहेरच्या कवचातून) शिटीसारखा आवाज येऊ लागतो. हवेच्या लॉकला साधारण ६ ते ७ बार दाब लागतो. ब्रीदरमधून (हाउसिंगच्या हवा जाण्याच्या छिद्रातून) हवा किंवा तेल येत असेल तर आतले सील गेले आहे. पाण्यातून जाणाऱ्या गाडीचा ब्रीदर नळीने वर आणावा, नाहीतर गरम हाउसिंग थंड पाण्यात पडताच पाणी आत ओढते आणि तेल दुधाळ होते.

एकाच अ‍ॅक्सलवर झिजलेला आणि नवा टायर एकत्र लावू नये. व्यास वेगळे असले की सरळ रस्त्यावरही डिफरन्शियल सतत काम करत राहते, क्लच-प्लेटा जळतात.

तेल जीएल-५ (गिअर तेलाचा एक दर्जा) दर्जाचे, पुस्तिकेत सांगितलेल्या घट्टपणाचे. क्लच-प्लेटच्या प्रकारात त्यात घर्षण-सुधारक घालावा लागतो. तो नसेल तर सावकाश वळताना मागून थरथर आणि गुरगुर येते. तेल बदलल्यावर मोकळ्या जागेत इंग्रजी आठच्या आकाराचे दहा-बारा सावकाश फेरे मारावेत, म्हणजे ते प्लेटांमध्ये पोचते. ईटनच्या यांत्रिक लॉकमध्ये हा सुधारक घालू नये, त्यातल्या प्लेटा घसरून लॉक लागतच नाही.

प्लेटांची झीज तपासायला एक चाक जमिनीवर ठेवून त्याच्या पुढे-मागे ठोकळे लावावेत, गिअर न्यूट्रल करून दुसरे चाक उचलावे आणि टॉर्क-पान्याने फिरवून पाहावे. पुस्तिकेतल्या किमान आकड्याआधीच ते फिरले तर प्लेटा बदलायच्या. इंजिन चालू करून गिअरमध्ये ही चाचणी कधीही करू नये. लिमिटेड-स्लिप असलेली गाडी जमिनीवरच्या एका चाकाच्या जोरावर जॅकवरून उडी घेते.