प्रोसेसरचे वॉट नेमके कुठे मोजायचे?

ठाण्यात असेंबल करून घेतलेला पीसी असो, नाहीतर ऐरोली-महापे पट्ट्यातल्या ऑफिसातला, प्रोसेसर किती वीज खातो असं विचारलं की खोक्यावरचा टीडीपी (थर्मल डिझाइन पॉवर) सांगितला जातो. पण टीडीपी हा मुळात कुलर निवडण्यासाठी दिलेला आकडा. २०१८ च्या इंटेल आय-९ ९९००केवर ९५ वॉट होते. मदरबोर्डने मर्यादा सैल सोडली की तोच प्रोसेसर १५० च्या वर जाई. २०२१ मध्ये १२व्या पिढीपासून इंटेलने दोन आकडे द्यायला सुरुवात केली: १२९००केसाठी मूळचे १२५ आणि जास्तीत जास्त २४१ वॉट. एएमडीच्या एएम४ सॉकेटवर (मदरबोर्डवर प्रोसेसर बसतो ती जागा) १०५ वॉटच्या चिपला १४२ वॉटपर्यंत मुभा असते.

फक्त प्रोसेसरची वीज मोजणं सोपं झालं ते २०००च्या सुमारास. इंटेलच्या पेंटियम ४ साठी एसएमपीएसमधून, म्हणजे पीसीच्या पॉवर सप्लायमधून, १२ व्होल्टची स्वतंत्र चार पिनांची केबल आली. तिच्या पिवळ्या तारांभोवती क्लॅम्प मीटर लावला की करंट कळतो; त्याला १२ व्होल्टने गुणलं की वॉट. मात्र मीटर डीसी मोजणारा हवा. इलेक्ट्रिशियनकडचा साधा क्लॅम्प बहुधा एसीपुरताच असतो. काळ्या ताराही सोबत पकडल्या, तर येणारा-जाणारा करंट एकमेकांना खोडतो आणि आकडा शून्याजवळ येतो. शिवाय मदरबोर्डवरच्या व्हीआरएममध्ये (१२ व्होल्ट प्रोसेसरपुरते खाली आणणारं सर्किट) वाया जाणारी वीज यात धरली जातेच.

२०११ च्या सँडी ब्रिजमध्ये इंटेलने चिपमध्येच ऊर्जेचा काउंटर दिला, आरएपीएल. सुरुवातीला तो प्रत्यक्ष मोजमाप न करता गणिती अंदाज बांधायचा; २०१३ च्या हॅसवेलमध्ये खरं मोजमाप आलं. एएमडीचा रायझन प्रोसेसर मात्र मदरबोर्डने कळवलेल्या करंटवर विसंबतो. काही बोर्ड तो मुद्दाम कमी कळवत असल्याचं २०२० मध्ये उघड झालं. चिपला वाटे आपण मर्यादेत आहोत, म्हणून ती आणखी वीज ओढे. स्क्रीनवरच्या वॉटवर डोळे झाकून विश्वास ठेवू नये, असं मी म्हणतो ते यामुळेच.

भिंतीच्या सॉकेटवरचा मीटर पूर्ण मशीनचा हिशेब देतो, एसएमपीएसच्या तोट्यासकट. एसएमपीएस किती वीज वाया घालवतो हे तपासून दिल्या जाणाऱ्या, २००४ मध्ये सुरू झालेल्या ८० प्लस प्रमाणपत्राच्या मूळ चाचण्या ११५ व्होल्टवरच्या. आपल्या २३० व्होल्टवर तोटा थोडा कमी होतो. म्हणून अमेरिकेत सॉकेटवर घेतलेलं रीडिंग ठाण्यातल्या रीडिंगशी थेट ताडून पाहू नये. दोन प्रोसेसरांची तुलना करायची तर मोजायची जागा, एसएमपीएस आणि काम, तिन्ही तेच ठेवावं.

आणि नुसते वॉट पाहून निकाल देऊ नये. एकच व्हिडिओ एका मशीनने २०० वॉटवर १० मिनिटांत रेंडर केला आणि दुसऱ्याने १०० वॉटवर २५ मिनिटांत, तर पहिल्याला सुमारे ३३ वॉट-तास लागले, दुसऱ्याला जवळपास ४२. महावितरणचं बिल युनिटवर येतं, आणि एक युनिट म्हणजे १००० वॉट-तास. या कामापुरतं २०० वॉटचं मशीनच स्वस्त पडलं.