‘बोटीवर असतो’ म्हणजे नेमकं कुठल्या बोटीवर?

कोकणात कुणी ‘बोटीवर असतो’ म्हटलं की पुढचे प्रश्न ठरलेले. पगार डॉलरमध्ये का? कॉन्ट्रॅक्ट किती महिन्यांचं? कुठली कुठली बंदरं केलीस? ‘सिंधू साधना’ किंवा ‘सागर कन्या’ या समुद्र-संशोधनाच्या नौकांवर जाणाऱ्या शास्त्रज्ञालाही हेच विचारतात, आणि ‘एकही बंदर नाही, समुद्राच्या मध्यावर थांबून होतो’ असं सांगितलं की समोरचा कीव केल्यासारखं बघतो.

मालवाहू बोट घराघरांत माहीत आहे, तिच्याबद्दल फार सांगत नाही. चार तास वॉच म्हणजे ड्युटी, आठ तास सुट्टी, सहा-नऊ महिने घराबाहेर. संशोधन नौकेवर इंजिन आणि ब्रिज (जिथून बोट चालवतात ती खोली) सांभाळणाऱ्यांचं साधारण तसंच चालतं. मेसमधली डाळ तीच. आकारात मात्र फरक आहे: मोठी कंटेनर बोट 400 मीटरपर्यंत लांब असते, ‘सागर कन्या’ 100 मीटर आणि ‘सिंधू साधना’ 80.

घोळ होतो तो थांबण्यावरून. मालवाहू बोट भर समुद्रात थांबली तर मालकाचे पैसे बुडतात. संशोधन नौकेवर आमचं बरंचसं काम बोट थांबल्यावरच सुरू होतं. नकाशावर आधी ठरवलेला बिंदू आला की ‘स्टेशन आलं’ म्हणायचं. मग सीटीडी, म्हणजे क्षारता, तापमान आणि खोली मोजणारं यंत्र, भोवती पाण्याच्या बाटल्यांचं कडं लावून विंचच्या, म्हणजे तार गुंडाळणाऱ्या यंत्राच्या, तारेवरून खाली सोडतात. वेग सेकंदाला साधारण एक मीटर, त्यामुळे 4000 मीटर खाली जायलाच तासाहून जास्त वेळ जातो. वर येताना ठरलेल्या खोलीवर थांबत एकेक बाटली बंद करायची. एवढा वेळ तार बोटीखाली जाऊ नये म्हणून ब्रिजवरच्यांनी वारा आणि प्रवाहाशी झुंजत बोट जागच्या जागी धरायची. दिवसा डोलकाठीवर गोळा-हिरा-गोळा अशा आकारांच्या खुणा, रात्री लाल-पांढरा-लाल दिवे: आम्हाला बाजूला होता येणार नाही, तुम्ही व्हा. उभी बोट जास्त डुलते, म्हणून ती लागतेही जास्त.

बाटल्या वर आल्या की आधी ऑक्सिजन मोजायचं पाणी काढायचं, बुडबुडा येऊ न देता, कारण हवा लागली की नमुना वाया गेला. डेकवर घाम गळत असतो आणि तळाच्या पाण्याची बाटली हाताला बर्फगार लागते. नमुन्यात रसायनं घातली की, पाण्यात ऑक्सिजन असेल तर, तपकिरी साका धरतो. अरबी समुद्रात दीडशे मीटरपासून हजारेक मीटरपर्यंत ऑक्सिजन नावालाच असतो. तिथला साका जवळजवळ पांढराच राहतो. नवखी मुलं तेव्हा ‘रसायन बिघडलं’ म्हणून ओरडतात.

स्टेशन पहाटे तीनला आलं तर पहाटे तीनला उठायचं. बोटीचा दिवसाचा खर्च मोठा असल्याने उजाडायची वाट बघत कुणी बसत नाही. शिवाय कितीतरी प्राणीप्लवक, म्हणजे पाण्याबरोबर वाहणारे बारीक जीव, रात्री वर येतात आणि दिवसा खोल जातात, त्यामुळे त्यांची जाळी मध्यरात्रीही टाकावी लागते. म्हणून कठड्याला टेकून सूर्यास्त बघणाऱ्या शास्त्रज्ञाचे फोटो पाहिले की माझं डोकं फिरतं. त्या वेळी तो एकतर झोपलेला असतो नाहीतर बाटल्यांना लेबलं चिकटवत असतो.

हुकूम कुणाचा, हाही नेहमीचा प्रश्न. कुठे थांबायचं आणि काय मोजायचं ते मुख्य शास्त्रज्ञ ठरवतो. हवा बिघडल्यावर कॅप्टन नाही म्हणाला की विषय संपला.

आणि ‘आमच्या भाच्याला तिकडे चिकटवा’ म्हणणाऱ्यांनी आधी भाच्याला विचारावं. ब्रिजवर किंवा इंजिनात जायचं असेल तर मर्चंट नेव्हीचंच शिक्षण आणि सीडीसी, म्हणजे खलाशाचं सरकारी नोंदपुस्तक, लागते. बाटल्या भरायच्या असतील तर एम. एस्सी. करावी. गोवा विद्यापीठात सागरी विज्ञान शिकवतात, आणि राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था तिथून जवळच, दोना पावलाला आहे. डॉलर मात्र दुसऱ्या वाटेवर मिळत नाहीत.